वाफसा गेल्यावरची पेरणी



मागच्या तालुका बैठकीची वेळ सकाळी अकराची होती. पत्रकावर तसे छापले होते, चावडीच्या फळ्यावर खडूने तसेच लिहिले होते. अकरा वाजता मंडपात चौदा माणसे होती आणि त्यातली चार सतरंज्या टाकणारी. एक वाजता माणसे जमली. दीडला पाहुणे आले. हार, नारळ, ओळख, स्वागत यात पाऊण तास गेला. मूळ विषयाला हात लागला तेव्हा सव्वादोन वाजून गेले होते. साडेतीनला मागच्या बाजूच्या बायका उठायला लागल्या. आमच्यातला एकजण माइकवरून म्हणाला, "मायबहिणींनो, बसून घ्या, महत्त्वाचा ठराव यायचा आहे." त्यावर एक बाई तिथल्या तिथे उभी राहून म्हणाली, "भाऊ, महत्त्वाचा व्हता तर सकाळी घ्यायचा. आता धारेची वेळ झाली. म्हशीला काय ठराव वाचून दाखवू?"

मंडप हसला, आम्हीही हसलो. ठराव उरलेल्या पंचवीस-तीस माणसांनी हात वर करून मंजूर केला. दुसऱ्या दिवशी बातमी पाठवताना आम्हीच लिहिले, "टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर." टाळ्या होत्या हे खरे. पण बहुतेक टाळ्या त्या बाईला पडल्या होत्या.

त्या रात्री आम्ही पाचजण मंडपातच थांबलो. बाईचे बोलणे डोक्यातून जात नव्हते. कार्यालयातल्या कपाटातून इतिवृत्ताच्या जुन्या वह्या काढल्या आणि एकाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कोणत्या तारखेला कोणती बैठक झाली, एवढेच. तासाभराने कोणी कोणाकडे बघेना. कांदा निर्यातबंदीवर आमची बैठक २०१९ साली झाली ती बंदी आल्यावर चार दिवसांनी. २०२० साली झाली ती तीन दिवसांनी. २०२३ च्या डिसेंबरात तर तीन आठवड्यांत सात बैठका झाल्या. आणि या सगळ्या वर्षांच्या जून-जुलैच्या पानांवर काय आहे? सदस्य नोंदणी, दोन सत्कार, एक शोकप्रस्ताव, आणि "कोरमअभावी बैठक तहकूब".

म्हणजे आमचा क्रम असा आहे. बंदी आली की बैठक, बैठक झाली की निवेदन, निवेदन दिले की रास्ता रोको, रास्ता रोको झाला की खटले. आणि खटल्यांच्या तारखा करता करता पुढची बंदी.

वेळेच्या नियोजनावर शेतकऱ्याला उपदेश करणाऱ्यांची कमी नाही. एका बँकेने असे शिबिर घेतले होते, आम्ही गेलो होतो. प्रमुख वक्ते दीड तास उशिरा आले. त्यांनी शेतकऱ्यांनी घड्याळाकडे बघायला कसे शिकले पाहिजे ते सांगितले आणि दुसरा कार्यक्रम आहे म्हणून प्रश्नोत्तरांआधी निघून गेले. अशा मंडळींना एकच विचारावेसे वाटते, वाफसा म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे का? पाऊस पडून गेला, जमीन अजून ओली आहे पण चिखल नाही, पायाला माती चिकटत नाही, मुठीत धरली तर गोळा होतो आणि टाकला तर फुटतो. ही अवस्था काळ्या रानात फार टिकत नाही. त्याआधी अवजार घातले तर ढेकळे होतात, त्यानंतर घातले तर बी वर येत नाही. घरात लग्न असो की मयत, वाफसा आला की शेतकऱ्याचा पाय रानाकडे वळतो. मृगात काय, आर्द्रेत काय, हस्ताच्या पावसावर काय, हे त्याला कोणत्या शिबिरात शिकवावे लागले नाही. थ्री फेजची पाळी रात्री असेल तर तो रात्री अंधारात पाणी भरतो. वेळ कळत नाही असे त्याला म्हणणारा एक तर शहाणा नाही किंवा शेतकरी नाही.

प्रश्न वेगळाच आहे. रानात ज्याला वाफसा अचूक कळतो, तोच शेतकरी मंडपात आला की वाफसा गेल्यावर पेरायला निघतो. असे का होते, हे आम्ही त्या रात्री एकमेकांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते जिल्हा बैठकीपुढे ठेवतो आहोत.

आधी सरकारच्या तारखा बघू. डिसेंबर २०१० मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, फेब्रुवारी २०११ मध्ये उघडली. ९ सप्टेंबर २०११ ला पुन्हा बंद, २० सप्टेंबरला उघडली. १३ सप्टेंबर २०१९ ला टनाला ८५० डॉलर किमान निर्यातमूल्य लावले, २९ सप्टेंबरला सरळ बंदी. ती उठली १५ मार्च २०२० ला. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, उठली १ जानेवारी २०२१ ला. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, २८ ऑक्टोबरला त्याच्या जागी ८०० डॉलर किमान मूल्य, ८ डिसेंबरपासून बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठवली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क तसेच डोक्यावर ठेवले. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य काढले, शुल्क २० टक्क्यांवर आणले. ते २० टक्के १ एप्रिल २०२५ ला गेले. या एका फेऱ्यात या ना त्या रूपाने एकोणीस महिने कांद्याच्या दाराला कुलूप होते.

(जाता जाता एक गंमत. २९ सप्टेंबर २०१९ हा रविवार होता. १९ ऑगस्ट २०२३ शनिवार, २८ ऑक्टोबर २०२३ हाही शनिवार. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी गेलो की सुटीच्या दिवशी सरकार बंद असते. भाव पाडायचा असेल तेव्हा मात्र सुटीलाही चालू असते.)

या तारखा आम्ही एका मोठ्या कागदावर ओळीने लिहिल्या आणि भिंतीला लावल्या. लिहिल्यावर दिसले ते न लिहिता इतकी वर्षे दिसले नव्हते. घाव पडतो तो ऑगस्ट ते डिसेंबर या पाच महिन्यांत. कुलूप निघते ते बहुतेक वेळा जानेवारी ते मे या काळात, म्हणजे आमचा माल बाजारात भरभरून आलेला असतो आणि भाव बसलेला असतो तेव्हा. मागच्या वर्षी असे झाले, त्याच्या आधी तसे झाले, अशी सुटी सुटी आठवण प्रत्येकाजवळ होती. पण सुट्या आठवणीतून राग येतो, हिशेब येत नाही.

आणि हे असे का होते त्यात गूढ काहीच नाही. उन्हाळ कांदा मार्च ते मे निघतो, चाळीत जातो. देशाच्या कांद्यातला निम्म्याहून जास्त भाग हाच. तो सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पुरवायचा असतो. चाळीत तो वजनाने घटतो, सडतो, शेवटी कोंब काढतो. नवा लाल कांदा ऑक्टोबरनंतर येऊ लागतो. त्याला सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाने झोडपले की जुना संपलेला आणि नवा न आलेला अशी फट पडते. त्या फटीत भाव चढतो. भाव चढला की शहरात ओरड होते. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्लीतले सरकार पडले ते कांद्याने, असे सगळे पक्ष आजही मानतात, आणि त्याची धास्ती पंचवीस वर्षांनंतरही गेलेली नाही. २१ ऑक्टोबर २०१९ ला महाराष्ट्रात मतदान होते, त्याच्या तीन आठवडे आधी निर्यात बंद झाली. २० मे २०२४ ला नाशिक-दिंडोरीत मतदान होते, त्याच्या सोळा दिवस आधी उघडली. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होते, सप्टेंबरात शुल्क अर्धे झाले. शेतकऱ्याच्या मालाचा भाव कोणत्या पंचांगावर चालतो ते एवढ्यावरून समजावे.

जून २०२० मध्ये आमच्यातल्या काहींनी पेढे वाटले होते. आवश्यक वस्तू कायद्यात दुरुस्ती करणारा वटहुकूम आला होता, कांदा-बटाट्यावरची बंधने आता सहजासहजी येणार नाहीत असे त्यात लिहिले होते. त्याच १४ सप्टेंबरला निर्यातबंदी आली, परदेशी व्यापाराच्या दुसऱ्या कायद्याने. ऑक्टोबरात साठ्यावर मर्यादाही आली. पेढे खाण्यात वेळ घालवला त्याऐवजी जुन्या वहीतले सप्टेंबरचे पान उघडून बघितले असते, तर चाळीतला माल कसा काढायचा याचा विचार जुलैतच झाला असता.

आता याहून महत्त्वाची गोष्ट. लिलाव बंद पाडणे हे आपले जुने हत्यार आहे. पण हे हत्यार सगळ्या ऋतूत सारखे चालत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये बंदी आली तेव्हा नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, राज्यभर ओरड झाली आणि अकरा दिवसांत बंदी उठली. त्या वेळी आपल्याजवळ उन्हाळ कांदा होता, चाळीत होता. तो आणखी पंधरा दिवस थांबू शकत होता. शहराची पेठ थांबू शकत नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये बंदी आली तेव्हाही लिलाव बंद पडले. पण तेव्हा रानात लाल कांदा होता. लाल कांदा चाळीत टिकत नाही. काढला की विकावा लागतो, ठेवला तर पाणी सुटते. तिथे लिलाव बंद ठेवले की शहराला चार दिवस झळ लागते, आणि आपल्याला पाचव्या दिवशी दुप्पट आवकेत निम्म्या भावाने माल ओतावा लागतो. ट्रॉलीत पंचवीस क्विंटल कांदा धरा. क्विंटलमागे ५०० रुपये पडले तर एका ट्रॉलीला साडेबारा हजार गेले. हे आंदोलन आपण आपल्याच अंगावर केले.

मग ऑगस्ट २०२३ मध्ये काय झाले? तेव्हा तर चाळीत उन्हाळ कांदा होता. वाफसा होता. शुल्क १९ तारखेला लागले, २१ तारखेपासून लिलाव बंद पडले. २२ तारखेला केंद्राने २,४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन कांदा खरेदी करू असे जाहीर केले. आणि तीन-चार दिवसांत लिलाव सुरू झाले. खरेदीचे आकडे ऐकून आपण गप्प बसलो. आमच्या वहीत त्या आठवड्याची नोंद अशी आहे, "खरेदी केंद्रांची माहिती मागवावी." ती माहिती येईपर्यंत हंगाम पुढे सरकला. ऑगस्टमध्ये ठाम उभे राहिलो असतो तर ऑक्टोबर आणि डिसेंबरचे घाव टळले असते असे आम्ही छातीठोक सांगत नाही. पण जेव्हा माल थांबू शकत होता तेव्हा आम्ही चार दिवसांत उठलो आणि माल थांबू शकत नव्हता तेव्हा बसून राहिलो, एवढे मात्र आमच्याच वहीत आमच्याच अक्षरात लिहिलेले आहे.

हे शहाणपण काही नवे नाही. १९८० साली चाकणला कांद्याचे आंदोलन झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्यासाठी रस्ते आणि रेल्वे अडवली गेली. उसाला टनाला ३०० रुपये ही मागणी होती. त्या आंदोलनाच्या आठवणी आपण व्यासपीठावरून पुष्कळ सांगतो. किती माणसे तुरुंगात गेली, लाठ्या कशा खाल्ल्या, बाया कशा पुढे झाल्या. पण महिना नोव्हेंबरच का होता, हे कोणी सांगत नाही. नोव्हेंबरात ऊस तोडीला आलेला असतो, कारखान्याची बॉयलर पेटायची असतात. शेतातला ऊस आठ दिवस उभा राहू शकतो, पेटलेला कारखाना उसावाचून आठ दिवस बसू शकत नाही. मुंबई-आग्रा रस्ता आणि रेल्वेची मोठी लाइन याच जिल्ह्यातून जाते. जागा, पीक आणि महिना तिन्ही जुळले होते. लाठ्या खाण्याचे धैर्य तेव्हाही होते आणि आजही आहे. त्यात आपण उणे नाही. महिना निवडण्यात उणे पडलो आहोत.

आता संघटनेचे सोडून आपल्या घरचे बघू. कारण हीच खोड घरातही आहे.

२०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांदा मातीमोल गेला. राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले, १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या मालाला, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. सूट-अनुदानाने शेतकऱ्याचे भले होत नाही हे आम्ही नेहमी म्हणतो आणि आजही म्हणतो. पण बुडालेल्यातले थोडे परत मिळत असेल तर ते कोणी सोडू नये. त्यासाठी दोन गोष्टी लागत होत्या. विक्रीची मूळ पट्टी आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद. आमच्या गावात काय झाले ते सांगतो. कोणाची पट्टी धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात लगदा झाली होती. कोणाची पोराने वहीला कव्हर घातले होते. आणि पीकपाहणीची नोंद? "मोबाइलवर करायची असते ती, राहून गेली." पुढे नोंदीची अट ढिली करून समित्या नेमल्या गेल्या, त्यात काहींचे निभावले. पण महिनोन् महिने हेलपाटे झाले ते झालेच. गावात एकच म्हातारा असा निघाला की ज्याने सगळ्या पट्ट्या तारेला ओवून ठेवल्या होत्या. नुसत्या २०२३ च्या नव्हे, तीस वर्षांच्या. प्रत्येक पट्टीच्या मागे त्याने पेन्सिलने लिहिले होते की रोप कधी टाकले, लागण कधी केली, काढणी कधी झाली, पाऊस कधी पडला. त्याला लोक चिकट म्हणायचे. त्याचे पैसे सगळ्यांत आधी आले.

त्याच्याकडे आम्ही नंतर दोनदा जाऊन बसलो. ती तार म्हणजे विद्यापीठ आहे. त्यातून त्याने शिकलेली एक गोष्ट तर आम्हाला फारच लागली. तो म्हणाला, "मागच्या वर्षीचा भाव बघून मी कधीच कांदा लावत नाही. मागच्या वर्षीचा भाव सगळ्यांना आठवतो. जे सगळ्यांना आठवतं त्याचा उपयोग नाही."

अनुभवातून शिका असे जो तो सांगतो. पण आपण अनुभवातून शिकतो म्हणजे काय करतो? भाव चढला की पुढच्या हंगामात सगळा गाव कांदा लावतो. बी महाग घेतो, रोप महाग घेतो, मका मोडून कांदा लावतो. आणि सगळ्यांचा माल एकदम आला की भाव बसतो. २०१९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात शहरात कांदा किलोला शंभराच्या वर गेला. ते बघून ज्यांनी उन्हाळ कांदा वाढवून लावला, त्यांचा माल २०२० च्या एप्रिल-मेमध्ये टाळेबंदीत सापडला. टाळेबंदी कोणाला दिसणार होती? नव्हती दिसणार. पण भाव बसणार हे दिसायला टाळेबंदी लागत नव्हती. फेब्रुवारी-मार्चमध्येच तो उतरू लागला होता. एका वर्षाची आठवण फसवते. दहा वर्षांची वही फसवत नाही असे नाही, पण ती एका वर्षाच्या आठवणीला आवर घालते. म्हाताऱ्याने तारेवरून बघितले होते की चढ्या भावाच्या पाठोपाठ काय येते, म्हणून त्याने अर्ध्या रानात कांदा आणि अर्ध्यात हरभरा-गहू ठेवला. त्याला फायदा झाला असे नाही, पण कर्ज झाले नाही.

ऊसवाल्यांनी हसू नये. ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा आहे. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यावे असे त्यात लिहिले आहे. शंभर टन ऊस घातला, टनाला ३,००० धरले, तर तीन लाख झाले. दोन महिने उशीर झाला तर व्याज साडेसात हजार. किती जणांनी मागितले? मागायचे तर कोणत्या तारखेला कोणती खेप गेली, पंधरावा दिवस कोणता, पैसे खात्यावर कधी पडले, हे लिहिलेले पाहिजे. आपण लिहीत नाही. समोरचा लिहितो. सोसायटीचे कर्ज ३१ मार्चच्या दुसऱ्या दिवशी थकीत होते, त्याला कोणी "राहून गेले" म्हणत नाही. पीकविम्यात शेतातल्या नुकसानीची खबर ७२ तासांत द्या अशी अट वर्षानुवर्षे होती. रान पाण्याखाली, वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही, आणि शेतकऱ्याने तास मोजायचे. कंपनीने पैसे किती तासांत द्यायचे ते मात्र शेतकऱ्याने मोजू नये. ज्याच्या हातात घड्याळ त्याच्या हातात व्यवहार, असा हा प्रकार आहे. घड्याळ आपण स्वतः त्याच्या हातात दिले आहे.

आमच्यातल्या एका जुन्या कार्यकर्त्याला हे सगळे पटले नाही. आंदोलनात त्याची हाडे मोडलेली आहेत, त्यामुळे त्याचे ऐकून घेतलेच पाहिजे. तो म्हणाला, "आंदोलन म्हणजे काय लग्नाचा मुहूर्त आहे, वही बघून काढायचा? माणूस पोळला की उठतो. जुलैत भाव बरा असतो, तेव्हा तुम्ही हाक दिली तर कोण येईल?" त्याचे म्हणणे खरे आहे. जुलैत रस्त्यावर कोणी येणार नाही. पण जुलैत रस्त्यावर यायला कोण सांगतो आहे? जुलैत चाळी मोजता येतात. कोणत्या गावात किती क्विंटल माल आहे, किती जण थांबू शकतात, कोणाला मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी विकावाच लागणार आहे, हे लिहून घेता येते. ज्याला विकावाच लागेल त्याला आंदोलनातून आधीच मोकळे ठेवता येते, म्हणजे ऐन वेळी तो फुटला असे म्हणून भांडणे होत नाहीत. खासदार-आमदारांना जुलैत गाठता येते. ऑक्टोबरात ते प्रचारात असतात आणि डिसेंबरात ते ओळख दाखवत नाहीत. व्यापारी आणि हमालांशी बोलून ठेवता येते. घाव पडला की दुसऱ्या दिवशी काय करायचे ते ठरलेले असेल तर चौथ्या दिवशी बैठक बोलवावी लागत नाही. पोळल्यावर माणूस उठतो, पण कुठे जायचे ते आधी ठरलेले नसेल तर तो नुसता धावतो.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळे करूनही लेखणी दिल्लीच्याच हातात आहे. शनिवारी रात्री ती काय लिहील त्याला आपली वही काय करणार? हेही खरे. वही असली म्हणून बंदी थांबेल असा आमचा दावा नाही. पण उन्हाळ कांद्याचे रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकायचे असते, लागण डिसेंबर-जानेवारीत. नेमक्या त्याच महिन्यांत सरकारचा घाव पडतो. म्हणजे पुढच्या वर्षीचा कांदा किती लावायचा हे आपण ज्या दिवसांत ठरवतो, त्याच दिवसांत आपण रस्त्यावर, कोर्टात नाही तर निवेदन देण्याच्या रांगेत असतो. डोके तापलेले असते आणि रोप तयार असते म्हणून लावून मोकळे होतो. निदान तो एक निर्णय तरी जुलै-ऑगस्टमध्ये, थंड डोक्याने, तारेवरच्या पट्ट्या समोर ठेवून घेता आला तरी पुष्कळ आहे.

तर भावांनो, येत्या जिल्हा बैठकीचे आम्ही असे ठरवले आहे. बैठक अकराला सुरू होईल. अकराला म्हणजे अकराला, पाहुणे आले नसतील तरी. हार-नारळ नाही, ज्यांना सत्कार करायचा असेल त्यांनी जेवणाच्या सुटीत करावा. पहिला अर्धा तास मागच्या तीन वर्षांतले ठराव वाचायचे आणि प्रत्येकापुढे काय झाले ते एका वाक्यात सांगायचे. जिथे काही झाले नाही तिथे "काही झाले नाही" असेच वाचायचे, त्यात आमचीही नावे आहेत. त्यानंतर तारखांचा मोठा कागद भिंतीला लागेल आणि पुढच्या बारा महिन्यांचा कागद शेजारी कोरा असेल. तो सगळ्यांनी मिळून भरायचा. आपापल्या गावाच्या चाळींचा अंदाज प्रत्येकाने लिहून आणावा, तोंडी चालणार नाही. पट्ट्या असतील तशा आणाव्यात, लगदा झालेल्या असल्या तरी.

तारेवाले बाबा येणार आहेत. तार घेऊन येतो म्हणाले आहेत, पण ती कोणाच्या हातात देणार नाहीत. त्यांच्या शेजारी बसूनच बघायची.

मंडप साडेतीनला रिकामा होईल. ज्या बाईने आम्हाला म्हशीचा प्रश्न विचारला होता, त्यांना पहिल्या ठरावाची मांडणी करायला सांगितले आहे. त्यांनी होकार दिला आहे, मात्र अकरा वाजून पाच मिनिटांनी ठराव सुरू झाला नाही तर घरी निघून जाईन असे बजावले आहे.